रविवारी दहाचा अल्बम

दादा पहिल्या फेरीवरून घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेतून अत्तराच्या बाटल्या, चॉकलेटं आणि एक जाडजूड ब्लँकेट निघालं. बोटीवरून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेतून तेच निघतं. रत्नागिरीच्या उकाड्यात ते ब्लँकेट पांघरणार कोण, हे कुणी विचारत नाही. तळाशी मात्र एका प्लास्टिकच्या डब्यात अकरा कॅसेटी होत्या. जहाजावरचा एक पोलंडचा इलेक्ट्रिशियन नोकरी सोडून जाताना त्या दादाला देऊन गेला होता. कव्हरांवर कवट्या, तलवारी, जळणारी शहरं. आईनं एक कव्हर चष्मा लावून नीट पाहिलं आणि सांगितलं, "ह्या देवघराच्या भिंतीला लावून ठेवू नका." म्हणून आम्ही त्या आंब्याच्या खोलीत नेल्या.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दादा तेव्हा अठ्ठावीसचा होता, इंजिनरूममध्ये ऑयलर म्हणून, यंत्रांच्या तेल-वंगणाचं बघायला, लागलेला. मी त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटा. कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक म्हणून नुकताच चिकटलो होतो. अजून तिथेच आहे.

आमचं घर भाट्याच्या पुलापलीकडे, पावसच्या रस्त्यावर. घरामागे चाळीस-पन्नास कलमं. आंब्याची खोली म्हणजे जांभ्याच्या जाड भिंती, एक खिडकी, छताला टेकलेल्या रिकाम्या लाकडी पेट्या आणि कोपऱ्यात पेंढ्याचा ढीग. आवाजाच्या दृष्टीनं अशी खोली पैसे मोजूनही बांधून मिळायची नाही. पेट्यांच्या फटी आणि पेंढा सगळा घुमारा पिऊन टाकतात, कानाला मिळतो तो कोरा आवाज. मे महिन्यात तिथे आढी लागायची, तेवढे दिवस आमचं ऐकणं बंद. पुढे दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. ती म्हणायची, तुमच्या त्या ओरडण्यानं झाडावरचे आंबे आठ दिवस आधीच पिकतात, भीतीनं.

पहिली कॅसेट लावली तेव्हा मला वाटलं टेप अडकली. मग कळलं की ह्या हेवी मेटलमध्ये गिटार तशीच वाजवतात. मला गाण्यातलं काही कळतं असा माझा दावा नाही. कळतो तो ध्वनी, आणि तोही पगारापुरता. सोनोमीटरच्या तारा ताणणं, पोरांनी हरवलेले ट्यूनिंग फोर्क शोधणं, हे माझं काम. पण त्या दुपारी पेंढ्यावर बसून मला एवढं दिसलं की ही माणसं आवाज आधी मुद्दाम फाडतात आणि मग त्या फाटक्या आवाजावर अगदी काटेकोर शिवण घालतात. दोन गिटार एकमेकींपासून ठरावीक अंतर राखून धावतात आणि कुठेही धडकत नाहीत. ढोलवाला दोन्ही पायांनी वाजवतो, पण एक घाव इकडचा तिकडे होत नाही. गायक ओरडतो, तेही सुरात. शिस्तीची आवड असलेल्या माणसाला हे संगीत आवडायलाच हवं. लोकांना वाटतं ते वांड पोरांचं आहे.

"ह्याचं काय दुखतंय एवढं?" असं वहिनी पहिल्यांदा ऐकल्यावर म्हणाली होती. तिला अजूनही तसंच वाटतं.

ऐकण्याचा नियम मी केला. अल्बम लावायचा तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, दोन्ही बाजू. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, एखादं गाणं आवडलं नाही म्हणून पुढे ढकलायचं नाही. बोलायचं ते संपल्यावर. दादाला नियम करायची सवय नाही, पाळायची आहे. तो भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसायचा. संपलं की दहा मिनिटं आम्ही बोलायचो, कुठे काय चांगलं होतं, कुणी कुठे घाई केली. आम्हा भावांचं एवढं बोलणं दुसऱ्या कशावरही होत नसे. वडील गेले तेव्हाही झालं नव्हतं.

दादा नऊ महिने बोटीवर आणि तीन महिने घरी. म्हणजे वर्षातले नऊ महिने मी एकटा ऐकणार. तिसऱ्या-चौथ्या फेरीला निघताना मीच सुचवलं की रविवारी आपल्या दहा वाजता दोघांनी एकच अल्बम लावायचा, मी इथे, तू तिथे. कॅसेटींच्या नकला आणि यादी आधीच करून द्यायचो, कुठल्या रविवारी कुठला. त्याला हे आवडलं. आपले दहा म्हणजे तिथले किती, ते तो बोट कुठे आहे त्यावरून काढायचा. आखातात असला तर सकाळचे साडेआठ, त्याच्याही पुढे गेला तर आणखी आधी.

सुरुवातीला पत्रं यायची, मग एसएमएस, मग व्हॉट्सअॅप. "आयकला. शेवटचा गाणा एक नंबर." असं काहीतरी. मला तेवढ्यानं भागेना. माझा स्वभाव तपासण्याचा आहे. पोरांच्या जर्नलवर सही करताना मी आकडे पुन्हा मोजतो, आणि हा खरंच ऐकतो की नुसतं कळवतो, हेही मला कळायला हवं होतं. म्हणून मी प्रश्न विचारायला लागलो. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला कुणीतरी श्वास घेतं, तो ऐकलास का? तिसऱ्या गाण्यात बास गिटार एकटी वाजते तेव्हा शेजारच्या ड्रमखालची स्प्रिंग आपोआप थरथरते, ती किती वेळा? फिजिक्सच्या भाषेत तो अनुनाद. मला त्याचं भारी कौतुक. सगळा गदारोळ चाललेला असताना मागे एवढासा तो खर्र आवाज.

दादाचं उत्तर यायचं, "चार येळा."

मी लिहायचो, "पाच. पुन्हा ऐक."

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सिग्नल मिळाला की उत्तर यायचं, "व्हय, पाच." हे मी किती वर्षं केलं? बावीस असतील. माझ्याकडे त्याची एक वहीसुद्धा आहे, अल्बमवार. लॅबमधले सहकारी मला थोडा सटकलेला समजत, आणि त्याचा मला अभिमान वाटायचा. सख्खे भाऊ एका भिंतीआड राहून बोलत नाहीत, आम्ही मात्र समुद्र मध्ये असूनही दर रविवारी एका वेळी एकच गोष्ट ऐकतो, असं मी दोन-चार जणांना ऐकवलंही होतं.

यंदा दादा लांब सुट्टी घेऊन पावसाच्या आधी घरी आला आणि दिवाळीनंतर परत जाणार होता. वय चोपन्न. आणखी दोन-तीन कॉन्ट्रॅक्टं करून मग थांबायचं, असं त्याचं ठरलं होतं. पोरगी नोकरीला लागलेली, घर बांधून झालेलं, तेव्हा गरज अशी काही नव्हती. पण थांबायचं म्हटलं की तो कावराबावरा व्हायचा. "घरात बसून करू काय? कलमांशी गप्पा मारू?" इंजिनरूममध्ये त्याच्या हाताला किंमत होती. बेअरिंग तापलं की तो नुसता तळवा लावून सांगायचा. इथे रत्नागिरीत त्याला साधं बँकेत पासबुक भरून घ्यायचं म्हटलं तरी वहिनी बरोबर लागायची. जाण्याआधी मुंबईत मेडिकल असते. ती पास झाली तर बोट, नाही तर नाही. हल्ली त्यात कान कसून तपासतात.

त्याच्या कानांविषयी कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. त्यांची काळजी तोच सगळ्यांपेक्षा जास्त घेतो. ऑक्टोबरात बागेतलं गवत कापायला मशीन काढलं, तर ह्यानं बोटीवरचे, आवाज अडवणारे ते मोठे केशरी मफ कानांवर चढवले. शेजारी हसायला लागले, म्हणाले, विमान उडवणार काय? दादा म्हणाला, "हसा. म्हातारपनी मी आयकंन, तुमी हातवारे कराल." घरात टीव्ही मोठा लागायचा, पण तो कुणाच्या घरात लागत नाही? आंब्याच्या खोलीत आम्ही रविवारी बसत होतोच, मध्ये बोलायचं नाही हा नियम होताच. अल्बम संपल्यावर मी माझं मत सांगायचो आणि तो मान हलवायचा. आधी तो वाद घालायचा. मला वाटलं, पोक्त झाला.

जायच्या पंधरा दिवस आधी आम्ही गावच्या देवळात गेलो. आमच्याकडे पाण्यावर जाणाऱ्यासाठी गावकराकडून गाऱ्हाणं घालून घेतात. गावकर देवासमोर नारळ धरून उभा राहतो आणि मोठ्यानं देवाला सगळं सांगतो, हा कोण, कुठे चालला, त्याला काय-काय होऊ नये. प्रत्येक मागणं संपलं की तो थांबतो आणि मागे उभे असलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्याचा आवाज त्यात हवाच.

गावकराला खोकला झाला होता.

"बा देवा म्हाराजा, तुजा ह्यो लेक परत पान्यावर जायाला निघालाय. त्येच्यावर तुजी नदर ऱ्हावदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दादाचा आवाज किंचित उशिरा आला, पण आमच्या घोळक्यात ते खपून गेलं.

"ह्येच्या बोटीला काय दगाफटका होयाचा आसंल," एवढं म्हणून गावकर खोकायला थांबला.

"व्हय म्हाराजा!" दादा खणखणीत म्हणाला. एकटाच.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. गावकरानं मागे वळून बघितलं, खोकला आवरला आणि वाक्य पुरं केलं, "तो तू आडवा ऱ्हावून परतवून लाव म्हाराजा!" आता आम्ही सगळे म्हणालो. दादा गप्प. तो गावकराच्या पाठीकडे बघत होता. खांदे खाली आले की मागणं संपलं, असा त्यानं ठोकताळा बांधला होता, आणि खोकल्यानं तो चुकवला.

गाऱ्हाणं बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून घालायचं असतं. दुसऱ्यांदा वहिनी दादाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. प्रत्येक मागणं संपलं की ती कोपरानं त्याला हळूच ढोसायची, आणि तो म्हणायचा. गाऱ्हाणं बिनचूक पार पडलं. सगळे परत हसत होते, मीही हसलो. रिक्षात बसल्यावर वहिनी मला म्हणाली, "भावजी, ह्यांना आयकू येत नाय. मला दोन वर्सं म्हाईत हाय. तुमाला कसं कळलं नाय? तुमी तर त्येंच्या संगती आयकायला बसता."

ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती.

मुंबईला जाऊन सगळ्यांसमोर नापास होण्यापेक्षा इथेच आधी कान तपासून घ्यावेत, असं वहिनीनं ठरवलं. दादा आधी चिडला. "माज्या कानात काय बिघाड नाय," असं दोनदा म्हणाला. मग ज्या दिवशी जायचं त्या दिवशी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर येऊन बसला. बोटीवर रुजू व्हायला निघाल्यासारखा गंभीर.

मारुती मंदिराच्या बाजूला एका दवाखान्यात कान तपासायची खोली आहे. वहिनी बाहेर बाकावर बसली. आत एका माणसाला बरोबर जाता येत होतं, म्हणून मी गेलो. तपासणारी बाई पस्तिशीची असेल, कामात नीटस. तिनं दादाला काचेच्या खोक्यात बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बाहेर तिच्या शेजारी. ती आवाज सोडायची तेव्हा तिच्या यंत्रावर एक छोटा दिवा लागायचा.

दादानं सवयीनं डोळे मिटले.

सुरुवातीचे जाडे आवाज त्यानं पकडले. मग ती वर-वर जायला लागली. दिवा लागत होता आणि दादाचा अंगठा हलत नव्हता. मध्येच दिवा नसताना तो बटण दाबायचा, बराच वेळ काही आलं नाही, तर आता आलं असेल, अशा हिशेबानं. बाई कागदावर खुणा करत गेली. माझा निम्मा जन्म आलेख बघण्यात गेला आहे. रेषा मधोमध आली आणि खाली कोसळली, तेव्हा ती काय सांगते हे मला कुणी समजवायची गरज नव्हती. श्वास, खर्र, बोटं तारेवरून सरकल्याचा आवाज, सगळं त्या कोसळलेल्या भागात राहतं. म्हणजे गेली कित्येक वर्षं मी जे विचारत होतो, ते त्याला ऐकूच येत नसणार. "व्हय, पाच" हे तो माझ्यावर विश्वास ठेवून लिहीत होता.

दादा बाहेर आला. बाईनं त्याला समोर बसवलं आणि सरळ सांगितलं की हा रिपोर्ट बोटीच्या मेडिकलला चालणार नाही, आणि कान पूर्वीसारखे होणार नाहीत, मशीन लावावं लागेल. तिचं तोंड त्याच्याकडे होतं, त्यामुळे त्याला कळलं. त्यानं मान हलवली. शर्टाची बाही एकदा खाली ओढली, पुन्हा वर केली. एवढंच. बोट संपली होती.

मग ती फॉर्म भरायला लागली. काम कुठे? इंजिनरूम. किती वर्षं? सव्वीस. मफ वापरत होता?

"कायम," दादा म्हणाला. "एक दिवस चुकला नाय."

तिनं पेन थांबवलं. खाली बघतच ती म्हणाली, मफ नियमित असतील तर दोन्ही कान एवढे जायला नकोत, दुसरं काही होतं का? तिचं तोंड खाली होतं, म्हणून त्याला ऐकू गेलं नाही. तिनं मला सांगितलं, "तुम्ही विचारा त्यांना, मोठ्यानं."

मी त्याच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं. दादाला वाटलं तो हळू बोलतोय, पण चांगलाच मोठ्यानं बोलला. "मफच्या आत इयरफोन घालायचो. रयवारी. ड्यूटी आसायची ना त्या टायमाला."

बाई मला म्हणाली, "इंजिनच्या वर ऐकू जायचं म्हणजे आवाज पूर्ण ठेवत असतील. विचारा, किती वेळ?"

मी विचारलं.

"अख्खा अल्बम. आनि मग परत एकदा." तो माझ्याकडे बघत नव्हता. "एकदा आयकून गावायचा नाय. तू मागनं इचारायचास ना."

रविवारी दहाला तो ड्यूटीवर असतो, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. त्याच्या ड्यूटीच्या वेळा मला पाठ होत्या, फोन कधी करायचा ते मी त्यावरूनच ठरवायचो. दोन गोष्टी मी कधी शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या नाहीत, एवढंच. मला तिथे बसल्या जागी लाज वाटली, अशी की हात कुठे ठेवावेत कळेना. मी त्याला म्हणालो, "नाही म्हणायचंस की." हे मी हळू म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही, आणि पुन्हा मोठ्यानं म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

बाईनं मला विचारलं, "ही गाणी ऐकायला लावायचं कोण?"

दादानं माझा चेहरा बघितला. तिनं काय विचारलं ते त्याला कळलं असेल, नसेल. तो खुर्चीतून पुढे वाकला आणि फॉर्मवर बोट ठेवलं.

"मॅडम, तितं इंजिन लिवा."

"पण काका, तुम्ही आत्ताच—"

"इंजिनच लिवा. सव्वीस वर्सं त्येच्याच पोटात होतो मी." मग माझ्याकडे वळून, त्याच्या त्या मोठ्या आवाजात, "आनि भायेर बसलीय तिलाबी तसंच सांग. उगाच डोक्यात घेऊन बसंल, तुज्याशी बोलायची नाय."

बाईनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि लिहिलं. मी रिपोर्ट घेतला.

बाहेर वहिनी उभी राहिली. काय झालं म्हणून तिनं दादाला नाही, मला विचारलं. मी म्हणालो, इंजिनमुळे. दादानं मान हलवली. ती थोडी रडली, मग म्हणाली, मेलं ते इंजिन, आणि आम्ही रिक्षा शोधायला लागलो.

अजूनही घरात तेच चालू आहे. कुणी विचारलं की वहिनी इंजिनाला शिव्या देते, दादा हसतो आणि मी तिथून उठतो. हे मी त्याला न विचारता लिहिलं आहे. छापून आलं की तिला मीच वाचून दाखवणार आहे.